विमान दोन मिनिटांचं, खर्च कितीचा?



"अहो, दोन किलोमीटर तर जायचंय! पाच मिनिटांचं काम, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आणि खरं सांगा, बहुतेक वेळा "बरं, राहू द्या" म्हणून मोकळे झालोय ना?

आज जरा स्कॉटलंडला जाऊ. तिथे उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांत अंतर आहे फक्त 2.7 किलोमीटर. वेळापत्रकाप्रमाणे उडणारं हे जगातलं सगळ्यात छोटं प्रवासी उड्डाण. लोगानएअर ही कंपनी 1967 पासून ते चालवते. वेळापत्रकात वेळ 2 मिनिटं. वारा चांगला असताना 53 सेकंदांचा विक्रमही झालाय.

आता गणित करा. तिथलं आयलंडर जातीचं छोटं विमान ताशी साधारण 240 किलोमीटर वेगाने जातं. भागाकार केला की उत्तर येतं 40 सेकंद. मग वेळापत्रक तिप्पट का? कारण उड्डाण घ्यायचं असतं, उतरायचं असतं. सरळ वेगात जायला वेळच मिळत नाही.

आणि त्या 2 मिनिटांत प्रवासी बसवणं, सामान चढवणं, हवामान बघणं, धावपट्टीची देखभाल, यातलं काहीच धरलेलं नाही. अंतर कमी म्हणून पायलट अर्धा शिकलेला चालतो का?

माझं स्पष्ट मत आहे: छोट्या कामाचा दर किलोमीटरवर लावू नका. अंतर कमी झालं तरी माल भरणं, बिल करणं, जिना चढणं, सुट्ट्या पैशांसाठी थांबणं कमी होत नाही. म्हणून किमान आकार ठेवाच.

काही जण म्हणतील, "सर, त्या विमानाचं तिकीट कुठे एवढं महाग असतं?" बरोबर. पण ऑर्कनीतल्या या बेटांच्या विमानसेवेला तिथली स्थानिक परिषद अनुदान देते. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांची सोय व्हावी म्हणून. म्हणजे फरक कोणीतरी भरतोच. तुमच्या दुकानात तो कोण भरतो? तुम्ही! तोही नकळत, घरखर्चाच्या पैशातून.

"पण गिऱ्हाईक तुटेल" ही भीती खोटी नाही. म्हणून भांडू नका, पर्याय द्या. अमुक रकमेच्या वर घरपोच मोफत, खाली ठरलेला आकार. दुकानात येऊन नेलं तर काहीच नाही. फुकट द्यायचंच असेल तर जरूर द्या, पण आकडा माहीत असताना द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: एका छोट्या ऑर्डरची वेळ मोजा. गाडी सुरू केल्यापासून नाही, फोन उचलल्यापासून ते दुकानात परत येऊन बसेपर्यंत. मग बघा, ते "पाच मिनिटांचं काम" किती मिनिटांचं निघतं!