पातेल्याला बोल लावू नका!

"अरे, दूध खाली लागलं!" ही हाक तुमच्या घरात कधी ना कधी ऐकू आली असेलच. मग कोणी पातेल्याला नावे ठेवतो, तर कोणी आईलाच म्हणतो, "लक्ष कुठे होतं तुझं?" माझे म्हणणे असे, की बोल लावण्याआधी कारण शोधावे. विज्ञान शिकणाऱ्याला तेच शोभते.

एनॅमलचेच पातेले घ्या. त्याची चकाकी रंगाची नव्हे, काचेची असते. पोलादाच्या पातळ पत्र्यावर काचेच्या पुडीचा लेप देऊन तो सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. पूड वितळून पत्र्याला घट्ट धरून बसते. म्हणून पत्रा गंजत नाही आणि ताकासारखे आंबट पदार्थही भांड्यात कळकत नाहीत.

मग एवढ्या गुळगुळीत भांड्यात दूध खाली का लागते? ॲल्युमिनियम उष्णता जितकी वाहून नेते, त्याच्या साधारण पाव हिश्शानेच पोलाद नेते. त्यामुळे पातळ पत्र्यात उष्णता बाजूला नीट पसरत नाही. ज्योत लागते तिथेच तळ फार तापतो. दुधातील काही प्रथिने ७० अंशांच्या पुढे उलगडू लागतात आणि तळाला चिकटतात. हा थर जागचा हलत नाही. त्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी आटले की ते भराभर चढते आणि थर करपतो. खीर, पिठले यांचेही तसेच. दाट पदार्थ आपणहून खालीवर फिरत नाही, म्हणून तो ढवळावा लागतो.

उपाय यातूनच निघतात. आच मंद ठेवावी. पातेल्याखाली जुना तवा ठेवला, तर उष्णता सगळीकडे पसरते. लाकडी डावाने थेट तळापर्यंत ढवळावे.

एवढे करूनही लागलेच, तर उलथण्याने खरवडू नका. काचेवर ओरखडे पडले, की पुढच्या वेळी अन्न तिथेच घट्ट धरते. पाणी व चमचाभर खाण्याचा सोडा घालून मंद उकळा. थर सुटू लागेल. तापलेल्या पातेल्यात एकदम गार पाणीही ओतू नका. काच आणि पोलाद सारखे आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे मुलामा तडकतो. आतून टवके उडालेले भांडे मात्र स्वयंपाकातून काढाच. काचेचे कण अन्नात जायला नकोत. हवी तर त्यात तुळस लावा.

आता सांगा, दोष कोणाचा? दूध ढवळणारे माणूस त्याच वेळी पोळ्या लाटते, डबे भरते आणि दाराची कडीही काढते. दूध मात्र सगळे पितात! तेव्हा उद्या मोठ्यांना सांगून डाव तुम्ही हाती घ्या, मुलगे असाल तरीही. एके दिवशी मोठ्या आचेवर मुळीच न ढवळता अर्धा पेला दूध तापवा, दुसऱ्या दिवशी तेवढेच दूध मंद आचेवर ढवळत तापवा. दोन्ही वेळा तळ पाहून वहीत टिपून ठेवा.

आणि हो, प्रयोग संपल्यावर पातेले स्वतःच घासा. मग पुन्हा कोणाला बोल लावण्याआधी तुम्ही नक्कीच थांबाल.