पऱ्हाट्यांचा भाव आणि आपली चूल

कापूस वेचून झाला की शिरपूर जैनच्या शिवारात पऱ्हाट्या उरतात. शेतमालकाला ती अडचण, मजूर बाईला मात्र सरपण.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र कोळशावर चालते. कोळशाच्या केंद्रांनी ५ टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळाव्यात, असे धोरण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढले. हिशेबाने ते बरेच आहे. वाळली पऱ्हाटी उष्णतेत देशी कोळशाच्या जवळपास जाते. शंभर किलो कोळशामागे तीस-चाळीस किलो राख पडते, पऱ्हाटीची फारच थोडी. शिवाय ती दरसाल उगवते. उणे एवढेच की ती फुगीर. बारीक करून दाबल्याशिवाय गाडीभाडे परवडत नाही.

पण काट्यावर चढलेली काडी फुकट कोण नेऊ देईल? उज्ज्वलाची टाकी २०१६ पासून आली खरी, भरायला रोख पैसे लागतात.

मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. १९४४ मध्ये खाणकामगार कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाईसाठी असे काही कोणी मागितले आहे काय? गावात गोळ्यांचा कारखाना येण्याची वाट न पाहता ग्रामसभेत विचारा: उपटण्याची मजुरी किती आणि चुलीसाठी किती भारे सोडणार?