दुसऱ्या सिलिंडरचा प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर चाळिशीतल्या बाईला चढ चढताना धाप लागली, सकाळची ढास थांबेना, तर पहिला संशय क्षयाचा येतो. तो तपासलाच पाहिजे. पण थुंकीत काही सापडले नाही, तर पुढचा प्रश्न चुलीबद्दल विचारायला हवा.

ओलसर सरपण, पऱ्हाट्या, गोवऱ्या पूर्ण जळत नाहीत. अर्धवट ज्वलनातून पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण निघतात. नाक आणि घसा मोठी धूळ अडवतात. हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. वर्षानुवर्षे सूज राहून श्वासनलिका अरुंद होतात. हाच सीओपीडी, श्वासमार्गातील अडथळ्याचा जुनाट आजार. गमावलेली क्षमता औषधाने परत येत नाही. भाकरी निखाऱ्याशी उभी धरून शेकताना बाईचे तोंड चुलीपासून जेमतेम हातभर दूर असते. मांडीवरचे मूल तीच हवा घेते आणि त्याला न्यूमोनियाचा धोका वाढतो.

हे ज्ञान नवे नाही. संशोधक कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभीच शेजारच्या गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापक लावून धूर मोजला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

१ मे २०१६ रोजी गॅसजोडणीची उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी दुर्गम घरांतही पोचली. अडचण सिलिंडरच्या पुढच्या भरण्याची आहे. पूर्ण किंमत आधी मोजावी लागते, अनुदान नंतर खात्यात येते. मजुरी हंगामी, सरपण मात्र फुकट, निदान पैशांत तरी. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाची शेगडी गावीच राहते. फडावर पुन्हा तीन दगड मांडले जातात. थंडीत चूल ऊबही देते.

म्हणून गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर, अशी विभागणी होते. शरीराच्या दृष्टीने ती फारशी उपयोगाची नाही, कारण धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही. चूल जवळजवळ विझावी लागते. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतील वर्षाचे तीन मोफत सिलिंडर मोलाचे आहेत, पण पाच-सहा माणसांच्या घरात ते चार-पाच महिनेच पुरतील.

यशाचे मोजमाप जोडण्यांवरून नव्हे, घरटी वार्षिक भरण्यांवरून व्हावे. अनुदान खरेदीच्या वेळीच वजा करावे, पाच किलोचा सिलिंडर पाड्यापर्यंत यावा आणि ग्रामीण रुग्णालयांत स्पायरोमीटर, म्हणजे श्वासक्षमता मोजणारे यंत्र, नियमित वापरात असावे.