फवारणीचें विष आणि मालकाचें कर्तव्य

फवारणीचा हंगाम आला कीं, गेल्या वर्षीं कोणतें औषध पिकास लागू पडलें याची चर्चा पारापारावर सुरू होते. परंतु फवारणाऱ्या माणसास तें किती बाधलें, याची विचारपूस फारसा कोणी करीत नाहीं. सन २०१७ च्या पावसाळ्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों दवाखान्यांत पडले. त्या वेळीं वापरांत असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखीं सेंद्रिय फॉस्फरसवर्गाचीं औषधें होतीं. तीं शरीरांत काय करतात, हें प्रत्येक जमीनधारकानें समजून घेणें अवश्य आहे.

मज्जातंतूंकडून स्नायूंस हुकूम पोंचतो तो ॲसिटिलकोलिन नांवाच्या द्रव्याच्या द्वारें. हुकूम पोंचतांच त्या द्रव्याचें विघटन व्हावें लागतें. तें काम कोलिनएस्टरेज नांवाचें प्रथिन करतें. या प्रथिनाच्या खोबणींत सेरीन म्हणून एक घटक असतो. विषांतील फॉस्फरस नेमका त्यास जखडून बसतो आणि प्रथिन निकामी होतें. मग ॲसिटिलकोलिन सांचत जातें. घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, आणि विषबाधा तीव्र असल्यास श्वास कोंडून माणूस मरतो. ॲट्रोपिन हें औषध सांचलेल्या द्रव्याचा परिणाम आवरतें. जखडलेलें प्रथिन मात्र सोडवीत नाहीं. तें सोडविण्यास प्रॅलिडॉक्सिम देतात. पण कांहीं विषांची गांठ थोड्याच तासांत इतकी पक्की होते कीं, मग ती सुटतच नाहीं. तेव्हां शरीरानें नवें प्रथिन तयार करीपर्यंत वाट पाहणें एवढेंच उरतें. रक्ताच्या तांबड्या पेशींतील तूट तर नव्या पेशी येतील तसतशीच भरून निघते, आणि एका पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें.

“काल दिवसभर फवारलें, कांहीं झालें नाहीं, मग आज काय होणार?” असें पुष्कळ बंधू म्हणतात. आमचें आयुष्य महसूल खात्यांत थकबाकीचे तक्ते लिहिण्यांत गेलें. पहिला हप्ता चुकला म्हणून लगेच जप्ती येत नसे. परंतु तो माफ झाला असें कोणीहि समजत नसे, तो पुढील बाकींत मिळविला जाई. शरीराचा हिशेब असाच आहे. काल निकामी झालेलें प्रथिन आज भरून आलेलें नसतें. आजची तूट त्यांत पडते.

हें ज्ञान आम्हांस वेळेवर झालें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या सालदारानें फवारणीच्या तिसऱ्या सायंकाळीं, “मालक, डोळ्यांपुढें अंधारी येते,” असें सांगितलें. आम्ही तो उन्हाचा त्रास समजलों आणि चौथ्या दिवशीं त्यासच पंप दिला. दुपारीं त्यास वांत्या सुरू झाल्या व तोंडाला फेंस आला. तो वांचला, परंतु त्या दुखण्यास कारण आम्ही झालों. रोजंदारीच्या माणसास नाहीं म्हणण्याची सोय नसते. सबब थांबविण्याचें कर्तव्य मालकाचें आहे.

मजूर हातमोजे व मुखपट्टी वापरीत नाहींत, ही तक्रार खरी आहे. भर उकाड्यांत तीं अंगावर टिकत नाहींत. तथापि तेवढ्यानें मालक मोकळा होत नाहीं. एका माणसास लागोपाठ दिवस फवारणीस लावूं नये. हंगामापूर्वीं व हंगामांत त्याच्या रक्तांतील कोलिनएस्टरेज मालकानें स्वखर्चानें तपासून घ्यावें. पहिला आंकडा हाताशीं असल्यावांचून पुढची तूट कळत नाहीं. अंधारी, मळमळ वा छातींत दाटल्याची तक्रार करणाऱ्यास मजुरी न कापतां कामावरून उतरवावें, कपडे काढून साबणानें धुवावें, आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीसह तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

रक्ततपासणीचा खर्च एकट्यास जड वाटेल, म्हणून तो संघानें वाटून घ्यावा. येत्या वार्षिक सभेंत तसा ठराव आम्ही मांडणार आहों. सभासद बंधूंनीं त्यास अनुमोदन द्यावें, अशी विनंती आहे.