पितळी बैलाचें संगीत

गेल्या महिन्यांत माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें मला एक ध्वनिमुद्रण ऐकावयास दिलें, आणि मत देण्यापूर्वीं तें संपूर्ण ऐकावें अशी अट घातली. अट रास्त होती. मीं ती पाळली. मुंबईच्या ‘गटस्लिट’ ह्या बँडचा ‘अँप्युथिएटर’ हा तो अल्बम. प्रसिद्धीचें वर्ष २०१७. ज्या संगीतप्रकाराला ‘ब्रूटल डेथ मेटल’ म्हणतात, त्यांतला हा. गिटारीचे सूर नेहमींपेक्षां पुष्कळ खालीं उतरविलेले, ड्रमचे आघात मोजतां येऊं नयेत इतके जलद, आणि गायकाचा आवाज घशाच्या तळांतून काढलेला, श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा. अल्बमच्या नांवांत अवयव तोडणें आणि प्रेक्षागार ह्या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा सांधा केलेला आहे. आणि गाण्यांच्या नांवांत इतिहासांतील छळाच्या रीती येतात. एक ‘ब्रेझन बुल’, म्हणजे पितळी बैल, दुसरें ‘स्केफिझम’.

असल्या संगीताविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत दोनच मतें ऐकूं येतात. वडील मंडळी म्हणतात, ही विकृति आहे, बंद करा. तरुण मंडळी म्हणतात, ही कला आहे, हिला नीति लावूं नका. मला दोन्ही मतें आळशी वाटतात. कारण दोन्ही पक्षांनीं कृतीची परीक्षा न करतांच निकाल दिलेला असतो.

वडील मंडळींस प्रथम विचारतों: बीभत्स हा परदेशांतून आलेला माल आहे काय? भरतानें त्याला आठ रसांत स्थान दिलें. आपल्याच विदर्भाच्या भवभूतीनें ‘मालतीमाधवा’च्या पांचव्या अंकांत स्मशान उभें केलें आहे, तेथें नायक नरमांस विकावयास निघतो आणि पिशाच्च प्रेत फाडून खातें. हा अंक आपण महाविद्यालयांत शिकवितों, आणि त्यामुळें कोणाची नीति ढळल्याचें ऐकिवांत नाहीं. राहिला गोंगाटाचा आरोप. पण हा वेग आणि हा नेमकेपणा रियाजावांचून येत नाहीं, हें वाद्य हातीं धरलेल्या कोणासही मान्य करावें लागेल.

आतां तरुणांकडे वळतों. भवभूति प्रेतापाशींच थांबत नाहीं. त्या स्मशानालगतच अघोरघंट मालतीला बळी देण्यास आणतो, आणि वाचकाचा जीव तिच्यासाठीं कासावीस होतो. बीभत्साला तेथें एका मुलीचा चेहरा आहे. ‘अँप्युथिएटर’मध्यें चेहरा कोणाचा आहे?

पितळी बैलाचीच कथा घ्या. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत सिसिलींतील अक्रागास येथें फॅलारिस नांवाचा जुलमी सत्ताधीश होता. पेरिलाउस नांवाच्या कारागिरानें त्याच्यासाठीं पोकळ बैल घडविला, अशी दंतकथा आहे. आंत माणूस कोंडावा, खालीं विस्तव पेटवावा, आणि नाकपुड्यांत बसविलेल्या नळ्यांतून त्याच्या किंकाळ्या मधुर होऊन बाहेर पडाव्यात, ही त्याची योजना. फॅलारिसनें पहिल्यानें त्या कारागिरालाच आंत घातलें. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार्द ह्यानें १८४३ मध्यें कवीला ह्याच बैलांतील माणसाची उपमा दिली. पण त्या उपमेंत जळणारा आणि गाणारा एकच असतो. येथें जळतो एक, गातो दुसरा, आणि गाण्यांतील शब्द ऐकणाऱ्याला उमगत नाहींत. माणसाचा टाहो आंत गेला आणि जनावराचा हंबरडा बाहेर आला. बैलाविषयीं गाणें करतां करतां गाणेंच बैल झालें, हा माझा आक्षेप आहे.

‘स्केफिझम’चेंही तेंच. ही कथा प्लुटार्कनें इराणच्या आर्टाक्सर्क्सीज राजाच्या चरित्रांत दिली आहे. ख्रिस्तपूर्व ४०१ च्या लढाईंत राजाचा बंडखोर भाऊ सायरस पडला. त्याला आपणच मारलें, असा राजाचा दावा. मिथ्रिडेटीज नांवाचा एक तरुण मेजवानींत मद्याच्या भरांत बोलून गेला कीं, घाव माझा होता. एवढ्यासाठीं त्याला दोन होड्यांच्या मध्यें कोंडून, दूध-मध पाजून, किड्यांच्या स्वाधीन केलें; सतरा दिवसांनीं तो मेला. गाण्याला नांव मिळालें तें ह्या माणसाचें नव्हे, त्याला मारण्याच्या रीतीचें.

येथें वडील मंडळींनीं हसूं नये. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि आम्हीं तो सहकुटुंब पाहिला. संभाजीराजांच्या देहाचे हाल पडद्यावर विस्तारानें दाखविले होते. आम्ही रडलों, आणि तें रडणें खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु राजांच्या नांवावर असलेला ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ आमच्यापैकीं कितीजणांनीं उघडला? २०२३ मध्यें ह्या शहराला त्यांचें नांव मिळालें. त्याच शहरांत, राजांच्या जखमा क्रमवार सांगणारे विद्यार्थी मला रोज भेटतात. त्यांचा एखादा श्लोक ठाऊक असलेला क्वचित. घाव पाठ आणि माणूस विसरलेला, हा दोष त्या बँडच्या तरुणांचा एकट्यांचा नव्हे.

म्हणून मी बंदी मागत नाहीं. कांहीं अधिक मागतों. ह्या शहरापासून थोड्याच कोसांवर देवगिरी आहे. १३१८ च्या सुमारास यादवांचा जांवई हरपालदेव ह्यानें बंड केलें म्हणून दिल्लीच्या सुलतानानें त्याची जिवंतपणीं कातडी सोलविली. आपण तेथें मुलांच्या सहली नेतों, तोफ आणि अंधारी वाट दाखवितों, आणि डबे खाऊन परत येतों. ह्या प्रसंगाला गोड चाल शोभणार नाहीं. कदाचित् ह्या कर्कश संगीतालाच तें ओझें पेलेल. सिसिली आणि इराण धुंडाळणाऱ्या तरुणांनीं एकदां इकडे यावें. मात्र गाण्याला सुरीचें नांव न देतां हरपालदेवाचें द्यावें, आणि निदान तें एक नांव ऐकणाऱ्याला कळेल इतकें स्पष्ट उच्चारावें. तें गाणेंही मी शेवटपर्यंत ऐकेन.