आधी उलटं करून बघा

इन्युइट लोकांची दगडी अस्वलं, सील, वॉलरस बघितले की "हजारो वर्षांची परंपरा हो!" असं म्हणायची पद्धत आहे. (आपल्या भूगोलाच्या पुस्तकात हे लोक 'एस्किमो' म्हणून भेटायचे. ते स्वतःला इन्युइट म्हणतात, म्हणजे नुसतं 'माणसं'.) हे अर्धंच खरं.

जुनं कोरीवकाम तिथे आहेच. इन्युइटांच्या आधीच्या डॉर्सेट लोकांनी वॉलरसच्या सुळ्यांतून इवलीशी अस्वलं कोरली आणि अंगावर हाडांच्या रेघाही काढल्या. पण दुकानातलं जडशीळ दगडी अस्वल १९४९ नंतरचं. जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार १९४८ साली हडसन उपसागराकाठच्या इनुकजुआकला गेला, तिथल्या लहान कोरीव वस्तू त्याने आणल्या. पुढच्या वर्षी माँट्रियलला विक्री मांडली, तर माल काही दिवसांत संपला! तिकडे कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळलेले, लोकांना पैसा हवा होता. १९५१ मध्ये तर काय काय करावं याची सचित्र पुस्तिकाच वाटली गेली.

मग हे सगळं बनावट का? मला नाही वाटत. बर्फातल्या भोकाशी सील श्वास घ्यायला कधी येतो म्हणून जो तासन्‌तास निश्चल उभा राहिला, त्यालाच त्या मानेचा बाक कळणार. मारलेल्या सीलच्या तोंडात हे लोक गोडं पाणी घालत. खाऱ्या पाण्यातला जीव, तहानलेला असणार! मान राखला तर तो पुन्हा येतो, ही श्रद्धा. समुद्रातल्या सेडनाची बोटं बापाने छाटली, त्यांचेच सील झाले, अशी कथाही आहे. पुस्तिका कोणाचीही असो, हे ज्ञान बाहेरून आलेलं नाही. पाउटा सैला (१९१६-२००९) यांचं एका पायावर नाचणारं अस्वल बघा, म्हणजे पटेल.

माझी तक्रार वेगळी आहे. १९४१ पासून सरकारने या लोकांना नंबराचे बिल्ले दिले, कारण त्यांची नावं साहेबाला लिहिता येईनात. जुन्या कित्येक मूर्तींच्या तळाशी कलावंताने तोच नंबर कोरलेला आहे. १९५८ मध्ये अस्सलपणाची खूण म्हणून इग्लूचं लेबल आलं, आणि आपण लेबल बघूनच खूश! वर्गातल्या मुलाला कोणी हजेरीच्या नंबराने ओळखलं तर मला चालत नसे, मग इथे का चालावं?

तेव्हा कॅनडातल्या भाचरांनो, अस्वल आणणार असाल तर आधी उलटं करून बघा. नाव त्यांच्या लिपीत असेल, वाचता येणार नाही, तर दुकानदाराला विचारा. "इन्युइटांनी केलंय" या उत्तराला मार्क नाहीत.