रनिंग किती?

फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावायची आणि अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं, हा इथला शिरस्ता. धुराने चित्रांची हानी नको म्हणून खासगी गाड्या इथेच अडवतात. म्हणून या वाहनतळावर भाड्याच्या गाड्यांचे चालक तासन् तास सवारीची वाट पाहत बसलेले असतात. डिझेलच्या गाडीबद्दल काही विचारायचं तर शोरूमपेक्षा ही जागा बरी.

अमेरिकेतून आलेल्या भाच्याने तेच केलं. संभाजीनगरहून आम्हाला घेऊन आलेल्या चालकाला त्याने विचारलं, "तिकडे मी डिझेलची गाडी घेतली तर परवडेल का?" चालकाने अमेरिकेचा विचारच केला नाही. म्हणाला, "रनिंग किती आहे भाऊ तुमची?"

सगळा हिशेब या प्रश्नात आहे. धरा, पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, डिझेलची २०. म्हणजे किलोमीटरला सात रुपये विरुद्ध चार रुपये साठ पैसे. डिझेलची गाडी सव्वा लाखाने महाग असेल, तर ते पैसे फिटायला ५२ हजार किलोमीटर लागतात. संभाजीनगर ते फर्दापूर शंभरेक किलोमीटर, जाऊन-येऊन दोनशे. महिन्याला वीस भाडी मारणाऱ्याचे हे पैसे तेरा महिन्यांत सुटतात. वर सात सवाऱ्या, टपावर बॅगा आणि एसी चालू असताना अजिंठ्याचा घाट चढायचा म्हणजे डिझेलची ताकद लागतेच. उलट घर-दवाखाना-क्लब एवढंच फिरणाऱ्या आमच्या डॉक्टर मित्राची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालते. त्याला जवळजवळ नऊ वर्षं लागतील. तोवर त्याला ती गाडी जुनी वाटू लागलेली असेल.

मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेलं होतं आणि डिझेल ४१च्या आत होतं. लिटरमागे ३२ रुपयांची तफावत! सवलत होती शेतकऱ्याच्या पंपासाठी, ट्रकसाठी, एसटीसाठी. तिचा फायदा मोटारवाल्यांनीही उचलला. किरीट पारीख समितीने २०१०मध्येच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपये जादा कर सुचवला होता. तो कुणी लावला नाही. जानेवारी २०१३पासून डिझेल दरमहा पन्नास-पन्नास पैशांनी वाढत गेलं आणि ऑक्टोबर २०१४मध्ये नियंत्रणमुक्त झालं. गंमत अशी, की तफावत ३२वरून आपण वर धरलेल्या १३वर आली तरी किलोमीटरमागची बचत फारशी घटली नाही, कारण लिटरच महाग झाला. डिझेलच्या छोट्या गाड्यांना मारलं ते एप्रिल २०२०च्या बीएस-६ नियमांनी. धूर गाळायची यंत्रणा बसवायची म्हणजे गाडी महागणार. छोट्या गाडीला ते झेपेना. मारुतीने डिझेल बंदच केलं.

आपल्या जिल्ह्याचं या इंधनाशी जुनं नातं आहे. जालना रोडवर शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला आणि २००१पासून तिथून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. डिझेलची गाडी म्हणजे खडखडाट, हा समज तिने बऱ्यापैकी मोडला. स्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहाची, त्याच समूहाचं सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत बिंग फुटलं. धुराच्या चाचणीपुरती इमानदार वागणारी आणि रस्त्यावर सोडली की विषारी वायू ओकणारी प्रणाली त्यांनी डिझेल गाड्यांत बसवली होती. भारतातही ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२०मध्ये स्कोडा-फोक्सवॅगननेही इथली डिझेल इंजिनं थांबवली.

आता भाच्याचा हिशेब. तो वर्षाला १५ हजार मैल, म्हणजे २४ हजार किलोमीटर गाडी चालवतो. चालकाने हे ऐकून "मग घ्या ना डोळे झाकून!" असा निकाल दिला. पण अमेरिकेत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं. तिथल्या केंद्र सरकारचा करही गॅलनला पेट्रोलवर १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट. पेट्रोल ३.२० डॉलर, ॲव्हरेज ३३ मैल; डिझेल ३.८० डॉलर, ॲव्हरेज ४२ मैल असं धरलं, तर वर्षाकाठी वाचतात जेमतेम शंभर डॉलर. गाडी दोन हजार डॉलरने महाग असेल, तर वीस वर्षं थांबा. आपल्याकडे जे रनिंगवर सुटतं, ते तिकडे भावातच अडकतं. शिवाय १९७८नंतर जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइलमध्ये घातलेल्या डिझेल इंजिनांनी गिऱ्हाइकांना इतका ताप दिला, की तिथल्या एका पिढीने डिझेलचा धसकाच घेतला. जड ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपवाल्यांचं गणित वेगळं आहे, पण भाच्याला ऑफिसला जायचंय, घोडे न्यायचे नाहीत.

आपल्या वाचकांसाठी एक इशारा. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातला गाळणा साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. नुसतं सिडको ते क्रांती चौक केलं तर तो तुंबतो, आणि बदलायची वेळ आली तर बचत पार धुऊन निघते. तेव्हा महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या आत रनिंग असेल, तर सरळ पेट्रोलची गाडी घ्या.